रुपया फीचा डॉक्टर : वाय. एस. राजशेखर रेड्डी

येदुगुरी संदिंटी राजशेखर रेड्डी हे २००४ ते २००९ या काळात अविभाजित आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री होते. त्याआधी, सत्तरच्या दशकात, कडप्पा जिल्ह्यातल्या पुलिवेंदुला या गावात एक रुपया फी घेणारा डॉक्टर म्हणून लोक त्यांना ओळखत. पूर्णवेळ डॉक्टरकी जेमतेम पाच वर्षांची आणि राजकारण एकतीस वर्षांचे, तरी आयुष्यभर त्यांच्या नावाआधीचे ‘डॉक्टर’ कोणी गाळले नाही. दवाखान्यातला डॉक्टर समोर बसलेल्या एका माणसाचे गाऱ्हाणे ऐकतो आणि त्याच्यापुरता उपाय करतो. रेड्डींनी राज्यही बरेचसे याच रीतीने चालवले. त्यांच्या योजनांचे बळ आणि त्यांतली खोट, दोन्ही तिथेच सापडतात.

त्यांचा जन्म ८ जुलै १९४९ रोजी कडप्पा जिल्ह्यातल्या जम्मलमडुगू येथे झाला. हा रायलसीमेचा मुलूख. निजामाने १८०० मध्ये इंग्रजांना तोडून दिलेल्या या प्रदेशात पूर्वी पाळेगारांचे राज्य चाले. गढ्या बांधून, पदरी हत्यारबंद माणसे बाळगून ते वसुली करत. थॉमस मन्रोने त्यांचा बंदोबस्त केला, पण गावातल्या बलदंड घराण्यामागे गावाने उभे राहायचे ही रीत काही गेली नाही. पाऊस कमी, जमीन खडकाळ, पीक भुईमुगाचे आणि जिथे बोअरला पाणी लागेल तिथे मोसंबी किंवा केळी. अशा मुलखात सरकारी ठेके, दारूचे गुत्ते आणि खाणी याच पैशाच्या वाटा असतात, आणि त्या वाटांवरून घराण्याघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते. तेलुगू भाषक त्याला सरळ ‘फॅक्शन’ म्हणतात. रायलसीमेच्या फॅक्शनवर निघालेल्या तेलुगू चित्रपटांतली सुमो गाड्यांची रांग आणि गावठी बॉम्ब मराठी प्रेक्षकालाही डबिंगमुळे ठाऊक झाले आहेत. चित्रपटांत अतिशयोक्ती असली तरी मूळ गोष्ट कल्पित नाही.

रेड्डींचे घराणे याच जगातले. आजोबांच्या पिढीत ते ख्रिस्ती झाले होते, मात्र रेड्डी ही जात आणि तिचा गावातला मान दोन्ही कायम राहिले. वडील राजा रेड्डी ठेकेदारी करत, पुढे ते बॅराइट्सच्या खाणीत उतरले. हे खनिज तेलविहिरी खणताना लागते. तेव्हाच्या कडप्पा जिल्ह्यातल्या मंगमपेट येथे त्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले, जगभर नव्या विहिरी खणल्या जाऊ लागल्या आणि कडप्पातला हा जड दगड एकाएकी मौल्यवान झाला. पुलिवेंदुल्याच्या राजकारणाला पैसा कुठून आला, याचा एक धागा इथे सुरू होतो.

शाळेचे शिक्षण बळ्ळारीत आणि पुढचे विजयवाड्याच्या लोयोला कॉलेजात आटोपून राजशेखर एमबीबीएससाठी गुलबर्ग्याच्या महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेजात दाखल झाले. हे खासगी महाविद्यालय १९६३ मध्ये हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटीने सुरू केले होते. मराठवाड्याप्रमाणेच गुलबर्गाही १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले तिथे शिकायला येत. राजशेखर तिथे विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष झाले. के. व्ही. पी. रामचंद्र राव हे त्यांचे आयुष्यभराचे विश्वासू सहकारीही तिथलेच वर्गमित्र. तिरुपतीच्या रुग्णालयात इंटर्नशिप करतानाही ते हाउस सर्जनांच्या संघटनेचे पुढारी होते. डॉक्टर व्हायच्या आधीच त्यांच्यातला पुढारी तयार झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

पदवी घेऊन ते काही काळ जम्मलमडुगूच्या मिशन रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होते. लंडन मिशनरी सोसायटीच्या परंपरेतले हे रुग्णालय त्या भागातल्या गरिबांचा मोठा आधार होते. १९७३ मध्ये वडिलांच्या नावाने पुलिवेंदुल्यात सत्तर खाटांचे धर्मादाय रुग्णालय उभे राहिले आणि राजशेखर तिथे बसू लागले. तालुक्याच्या गावात सत्तर खाटा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बाळंतपण अडले, साप चावला, विहिरीच्या कामात कोणी कपारीवरून पडला, तर जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत उशीर होई. इथे डॉक्टर गावातच भेटे आणि फी एक रुपया. ‘रुपया डॉक्टर’ हे नाव तेव्हाचे. घराण्याने पुढे पुलिवेंदुल्यात पॉलिटेक्निक आणि महाविद्यालयही काढले.

या रुपयाकडे निव्वळ पुण्यकर्म म्हणून पाहणे भाबडेपणाचे, आणि त्याला निव्वळ मतांची पेरणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. नांदेड-लातूरपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत कारखाना, शाळा किंवा दवाखाना काढून मतदारसंघ बांधणारी घराणी मराठी वाचकाने पुष्कळ पाहिली आहेत. पण स्वतः स्टेथोस्कोप घेऊन बसणारा पुढारी त्यांतही विरळा. रोज शेकडो माणसांची नाडी हातात घेणाऱ्याला कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, कोण कर्जात आहे, हे सारे आपोआप कळते. पुढे ते खेड्यात गेले की माणसांना नावाने हाक मारीत. त्या सवयीचे मूळ या ओपीडीत आहे.

१९७८ मध्ये ते पुलिवेंदुल्यातून पहिल्यांदा आमदार झाले. त्याच वर्षी शेजारच्या चित्तूर जिल्ह्यातून नारा चंद्राबाबू नायडूही प्रथमच विधानसभेत आले. टी. अंजय्यांच्या मंत्रिमंडळात हे दोघे तरुण मंत्री एकत्र होते आणि त्यांची मैत्रीही होती. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या तेलुगू देसमने काँग्रेसला झोपवले. नायडू सासरे रामाराव यांच्या पक्षात गेले, रेड्डी काँग्रेसमध्येच राहिले आणि चौतिसाव्या वर्षी प्रदेशाध्यक्ष झाले. सहा वेळा विधानसभा आणि १९८९, १९९१, १९९६, १९९८ अशी चार वेळा कडप्पातून लोकसभा, असे दहा विजय त्यांच्या नावावर आहेत. ते एकदाही हरले नाहीत. १९९६ ची लढत मात्र पाच हजारांच्या आसपास मतांनी निभावली.

मतदारसंघात अजिंक्य असलेला हा नेता पक्षात मात्र दोन दशके बंडखोर म्हणूनच गाजला. दिल्लीने चेन्ना रेड्डी, जनार्दन रेड्डी, विजय भास्कर रेड्डी असे एकामागून एक मुख्यमंत्री नेमले, आणि राजशेखर प्रत्येकाच्या विरोधी गटात दिसले. त्यांची प्रतिमा तेव्हा तापट, हट्टी, फॅक्शनच्या मुलखातला जहाल माणूस अशीच होती. मे १९९८ मध्ये वडील राजा रेड्डी बॉम्बहल्ल्यात मारले गेले तेव्हा ती आणखी गडद झाली. मानवी हक्कांसाठी लढणारे वकील आणि विचारवंत के. बालगोपाल यांनी २००४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त रेड्डींच्या उदयावर लिहिताना त्यामागच्या कडप्पातल्या हिंसेची आठवण परखडपणे करून दिली. सत्तापालटाच्या आनंदात प्रसारमाध्यमे रेड्डींचा खेड्यातला साधा डॉक्टर रंगवत होती. बालगोपाल यांचा लेख त्या चित्राला दिलेला उतारा होता, आणि आजही रेड्डींवर लिहिताना तो बाजूला ठेवता येत नाही.

१९९९ च्या निवडणुकीत काँग्रेसला २९४ पैकी ९१ जागा मिळाल्या आणि रेड्डी विरोधी पक्षनेते झाले. समोर होते मुख्यमंत्री नायडू : हायटेक सिटी, संगणक, जागतिक बँकेचे कर्ज आणि वीज क्षेत्रातल्या सुधारणा. या सुधारणांतून २००० मध्ये विजेचे दर वाढले. डाव्या पक्षांनी आंदोलन पेटवले, तर रेड्डी काँग्रेस आमदारांना घेऊन उपोषणाला बसले. २८ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादच्या बशीरबागेत मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. विजेचे बिल हा प्रश्न त्या दिवसापासून आंध्रच्या राजकारणातून हलला नाही. त्यातच दुष्काळाची वर्षे आली. पाण्याची पातळी खाली गेली. शेतकरी एकामागून एक बोअर घ्यायचा, त्यातल्या बहुतेक कोरड्या जायच्या आणि सावकाराचे व्याज तेवढे चालू राहायचे. तेलंगणात आणि अनंतपुरात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढत गेल्या.

९ एप्रिल २००३ रोजी रेड्डींनी हैदराबादजवळच्या चेवेल्ला गावातून पदयात्रा सुरू केली. तेलंगणाचे जिल्हे, गोदावरीचा त्रिभुज प्रदेश आणि उत्तरेचा किनारा पार करून जूनच्या मध्याला ते ओडिशाच्या सीमेवरच्या इच्छापुरमला पोहोचले. अंतर सुमारे १,४७५ किलोमीटर. आंध्रातला मे महिना म्हणजे काय, हे विजयवाड्याच्या फलाटावर दुपारी उतरलेल्या कुणालाही विचारावे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षात असलेले रेड्डी राजमहेंद्रीला आजारी पडले, काही दिवस थांबले आणि पुन्हा निघाले. वाटेत ते शेताच्या बांधावर बसत, घरांत शिरत, लोकांची औषधांची चिठ्ठी हातात घेऊन वाचत. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत दिसलेल्या बहुतेक योजनांची यादी या रस्त्यावर तयार झाली, असे त्यांचे सहकारी सांगत. पुरा तापटपणा ओसरला असे नव्हे, पण ‘राजन्ना’ हे जवळिकीचे नाव आणि पांढऱ्या धोतरातली, हात उंचावून हसणारी मूर्ती राज्यभर पोहोचली ती या यात्रेमुळे. २०१९ मध्ये आलेल्या ‘यात्रा’ या तेलुगू चित्रपटात मामुट्टी यांनी हीच पदयात्रा पडद्यावर केली.

२००४ च्या निवडणुकीत काँग्रेसला १८५ जागा मिळाल्या, तेलुगू देसम ४७ वर आला. १४ मे रोजी हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियममध्ये शपथ घेतल्यावर रेड्डींनी पहिली सही केली ती शेतकऱ्यांना मोफत वीज देणाऱ्या फायलीवर. कृषिपंपांची थकबाकीही माफ झाली. त्याचा पडसाद महाराष्ट्रात लगेच उमटला. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतकऱ्यांना वीज मोफत केली, आणि निवडणूक जिंकल्यावर विलासराव देशमुखांच्या सरकारने पुढच्या वर्षी ती सवलत गुंडाळली. आंध्रात मात्र ती टिकली. रेड्डींनी ती अखेरपर्यंत सोडली नाही आणि नंतरच्या एकाही मुख्यमंत्र्याला सोडता आली नाही. शेतीच्या दुखण्याचे निदान करण्यासाठी सरकारने अर्थतज्ज्ञ जयती घोष यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला. मोफत विजेमुळे भूगर्भातले पाणी आणखी खाली जाईल, हा आक्षेप अर्थातच खरा होता. पण ज्याचा पंप बिल न भरल्यामुळे बंद पडला आहे, त्याला त्या हंगामापुरते वाचवायचे होते, आणि रेड्डींच्या सरकारने पहिली निवड ती केली.

पाण्याचे दीर्घकालीन उत्तर म्हणून ‘जलयज्ञम’ पुढे आला. ऐंशीहून अधिक सिंचन प्रकल्प एकाच वेळी हाती घेण्याचा हा कार्यक्रम होता. पोलावरम, पुलिचिंतला, प्राणहिता-चेवेल्ला ही त्यातली मोठी नावे. रायलसीमेला कृष्णेचे पाणी देणारे पोतिरेड्डीपाडूच्या दरवाजांची क्षमता ११ हजारांवरून ४४ हजार क्युसेकपर्यंत वाढवली गेली, आणि तेलंगणाने त्याविरुद्ध जे रान उठवले ते आजही शमलेले नाही. कामांचे ठेके संपूर्ण आराखड्यासह एकाच कंपनीला देण्याच्या पद्धतीने दिले गेले आणि ठेकेदारांना उचल मिळाली. जमीन ताब्यात नसताना, वनखात्याची परवानगी नसताना कालवे खणले गेले, त्यामुळे काही ठिकाणी धरणाआधी कालवा तयार झाला. कॅगने पुढे यावर कडक ताशेरे ओढले. महाराष्ट्राच्या वाट्याला या कार्यक्रमाची दोन भांडणे आली. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंध्र सरकार २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ च्या निकालाने बंधारा वाचला, पण पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडे ठेवण्याची अट पडली. दुसरे भांडण प्राणहितेवर तुम्मिडीहट्टीच्या बंधाऱ्याचे. त्याची उंची वाढली की गडचिरोली जिल्ह्यातली जमीन बुडणार होती. तेलंगण राज्य झाल्यावर तो आराखडा बदलून सिरोंच्यासमोर मेडीगड्डा बंधारा उभा राहिला, आणि बुडीत जमिनीची तक्रार सिरोंच्याकडे सरकली.

रेड्डींच्या कारकिर्दीचा गाभा मात्र आरोग्यात आहे. मुख्यमंत्र्यांच्या निवासी कार्यालयात सकाळी लोकांची गर्दी जमे. त्यातले बहुतेक उपचाराच्या मदतीसाठी आलेले असत : हृदयाला छिद्र असलेले मूल, कर्करोग झालेली आई, मूत्रपिंड निकामी झालेला कमावता मुलगा. मुख्यमंत्री स्वतः डॉक्टर असल्याने केसपेपर वाचून त्यांना रोगाचे गांभीर्य लगेच उमगे. मे २००४ ते जून २००७ या काळात मुख्यमंत्री निधीतून सुमारे ५५ हजार प्रकरणांत १६८ कोटी रुपये दिले गेले. एवढ्या अर्जांचा निपटारा हाताने करणे अशक्य होते. शिवाय जो हैदराबादला पोहोचला आणि ज्याच्याकडे आमदाराची चिठ्ठी होती त्यालाच मदत मिळे.

यातून १ एप्रिल २००७ रोजी ‘राजीव आरोग्यश्री’ योजना महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन मागास जिल्ह्यांत सुरू झाली आणि २००८ च्या मध्यापर्यंत राज्यभर पोहोचली. पांढरे, म्हणजे तिथे गरिबांना मिळणारे, रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आणि गरज पडल्यास आणखी पन्नास हजारांपर्यंत मोफत उपचार मिळू लागले. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर आधीच ठरलेला. रुग्णालय किमान पन्नास खाटांचे, सरकारी किंवा खासगी. दाराशी ‘आरोग्यमित्र’ उभा, तो रुग्णाची कागदपत्रे पाहणार. उपचारापूर्वी संगणकावरून मंजुरी. योजनेतल्या रुग्णालयांनी गावोगाव तपासणी शिबिरे घ्यायची. सुरुवातीला स्टार हेल्थ या विमा कंपनीमार्फत आणि पुढे सरकारी ट्रस्टमार्फत पैसे चुकते होत. उपचारांची यादी वाढत नऊशेच्या वर गेली. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, ज्याचा खर्च लाखांत जातो, तेही यादीत होते. श्रीकाकुलमच्या मजुराचे मूल हैदराबादच्या ज्या रुग्णालयाच्या फाटकातून आत जाण्याची कल्पना करत नसे, तिथे ते कार्ड दाखवून दाखल होऊ लागले. गरिबाच्या हाती आलेला हा हक्क आकड्यांत मांडता येत नाही, आणि २००९ च्या निकालात त्याचा हिस्सा मोठा होता.

यापूर्वी ऑगस्ट २००५ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली होती. ती सत्यम कंपनीच्या रामलिंग राजू यांच्या संस्थेची, पण लवकरच तिचा जवळजवळ सगळा खर्च सरकार उचलू लागले. जानेवारी २००९ मध्ये राजूंनी सत्यमच्या हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिल्यावर संस्था जीव्हीके उद्योगसमूहाकडे गेली आणि गाड्या धावतच राहिल्या. तिच्याच जोडीला १०४ हा क्रमांक आणि त्या नावाच्या फिरत्या गाड्या आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून दूर असलेल्या गावात महिन्यातून एका ठरलेल्या तारखेला गाडी येई, गरोदर बायांची तपासणी होई, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या मिळत.

पुलिवेंदुल्याचा दवाखाना आणि आरोग्यश्री यांची तुलना केली की एक विसंगती समोर येते. रुपया फीत बरा होणारा रोगी तापाचा, हगवणीचा, जखमेचा, अडलेल्या बाळंतपणाचा होता. आरोग्यश्रीने विकत घेतली ती शस्त्रक्रिया. ताप, खोकला, क्षयाचे निदान, दर महिन्याची औषधे हा घरखर्च तसाच राहिला, आणि गरीब कुटुंबाचा उपचारावरचा बहुतेक पैसा याच किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींत जातो. आरोग्यखात्याच्या अर्थसंकल्पातला मोठा वाटा हैदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणमच्या खासगी रुग्णालयांकडे वळला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. १०४ च्या गाड्या ही या उणिवेची कबुली होती, पण महिन्यातून एकदा येणारी गाडी म्हणजे दवाखाना नव्हे. ठरलेल्या दराच्या शस्त्रक्रियेला सरकार पैसे देते म्हटल्यावर शस्त्रक्रियाही वाढल्या. विशेषतः तरुण बायकांची गर्भाशये गरज नसताना काढली गेल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की रेड्डींच्या पश्चात सरकारला या शस्त्रक्रियेसह शंभराहून अधिक उपचार सरकारी रुग्णालयांपुरते राखून ठेवावे लागले. डॉक्टर असलेल्या मुख्यमंत्र्याला हे दिसले नसेल असे मानणे कठीण. पण त्याच्या दाराशी येणारा माणूस तापाची गोळी मागायला येत नव्हता. तो ऑपरेशनचे पैसे मागायला येत होता.

इतर योजनांचाही साचा हाच होता. बचत गटांच्या बायकांना ‘पावला वड्डी’, म्हणजे तीन टक्के वार्षिक व्याजाने कर्ज. इंदिराम्मा घरकुले. एप्रिल २००८ पासून दोन रुपये किलो तांदूळ, जो मुळात रामारावांच्या काळातला. मागास विद्यार्थ्यांची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारने भरण्याची योजना. या शेवटच्या योजनेने शेतमजुराच्या पोरांना इंजिनीअर केले आणि त्याचबरोबर फीवर डोळा ठेवून निघालेली शेकडो महाविद्यालयेही पोसली. आरोग्यश्रीचीच ही दुसरी आवृत्ती म्हणायला हवी : सरकारने सेवा उभारायची नाही, खासगी संस्थेकडून गरिबासाठी विकत घ्यायची. त्याला सन्मान्य अपवाद २००८ मध्ये ग्रामीण मुलांसाठी काढलेल्या तीन ट्रिपल आयटींचा. त्यातली एक कडप्पातल्या इडुपुलपायाला, एक नुझवीडला आणि एक नांदेडकरांना सरस्वतीच्या देवळामुळे परिचित असलेल्या बासरला आहे.

राज्यकारभाराची दुसरी बाजू तितकी मायेची नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारने नक्षलवाद्यांशी हैदराबादेत उघड वाटाघाटी केल्या, ही देशातली अपूर्व घटना. निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांच्या समितीने त्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले होते. जानेवारी २००५ मध्ये वाटाघाटी मोडल्या आणि पोलीस कारवाई पूर्वीपेक्षा जोरात सुरू झाली. जुलै २००७ मध्ये खम्मम जिल्ह्यातल्या मुदिगोंडा येथे भूमिहीनांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन सात जण ठार झाले. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी, बंदरांसाठी, विमानतळासाठी जमिनी गेल्या. सरकारकडून जमिनी व सवलती मिळालेल्या कंपन्यांनी मुख्यमंत्र्यांचे पुत्र जगनमोहन यांच्या उद्योगांत पैसा गुंतवला, असा आरोप पुढे झाला. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०११ मध्ये सीबीआयने त्याचा तपास हाती घेतला, जगनमोहन यांना २०१२ मध्ये अटक झाली आणि खटले वर्षानुवर्षे रेंगाळले.

२००९ ची निवडणूक सोपी नव्हती. तेलुगू देसमने डाव्यांशी व तेलंगण राष्ट्र समितीशी युती केली होती आणि अभिनेते चिरंजीवींचा प्रजाराज्यम हा नवा पक्ष मैदानात होता. काँग्रेसला १५६ जागा मिळाल्या, आणि लोकसभेच्या ४२ पैकी ३३. दिल्लीतल्या सरकारच्या बहुमतात हा एकट्या राज्याचा सर्वांत मोठा हिस्सा होता, आणि राज्य काँग्रेसमध्ये रेड्डींना विचारणारे कोणी उरले नाही. त्या वर्षी पाऊस ओढ देत होता. योजना खरेच पोहोचतात का हे पाहायला न कळवता गावात जायचे आणि पारावर बसून लोकांशी बोलायचे, असा ‘रच्चबंडा’ कार्यक्रम त्यांनी आखला. २ सप्टेंबर २००९ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास ते बेल ४३० हेलिकॉप्टरने हैदराबादहून चित्तूर जिल्ह्याकडे निघाले. नल्लमला जंगलावर ढगाळ आणि वादळी हवामान होते. साडेनऊच्या आत संपर्क तुटला. हवाई दलाची विमाने, उपग्रह, पोलीस आणि जंगलातले आदिवासी यांनी चोवीस तास शोध घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नूलच्या पूर्वेला रुद्रकोंडा टेकडीवर अवशेष सापडले. मुख्यमंत्री, त्यांचे सचिव, सुरक्षा अधिकारी आणि दोन वैमानिक असे पाचही जण मरण पावले होते. इडुपुलपायाला त्यांचे दफन झाले. धक्क्याने किंवा आत्महत्येने शेकडो लोक मेल्याच्या बातम्या तेलुगू वृत्तपत्रांत अनेक दिवस येत होत्या. त्या आकड्यांवर वाद आहे, शोकाच्या व्याप्तीवर नाही.

त्यांच्या मागे काँग्रेसची राज्यातली घडी महिन्याभरातच विसकटली. के. रोसय्या मुख्यमंत्री झाले. वेगळ्या तेलंगणाचे आंदोलन, जे रेड्डींनी पाच वर्षे शिताफीने थोपवून ठेवले होते, डिसेंबर २००९ मध्ये उफाळले आणि २०१४ मध्ये राज्य दुभंगले. रेड्डींच्या मृत्यूच्या धक्क्याने गेलेल्यांच्या घरच्यांचे सांत्वन करण्याच्या यात्रेवरून जगनमोहन यांचे दिल्लीशी बिनसले आणि २०११ मध्ये त्यांनी वायएसआर काँग्रेस काढली. आंध्रातली मूळ काँग्रेस २०१४ मध्ये एकही आमदार निवडून आणू शकली नाही. जगनमोहन यांनीही लांबच लांब पदयात्रा करून २०१९ मध्ये १७५ पैकी १५१ जागा जिंकल्या आणि २०२४ मध्ये ते ११ वर आले.

आरोग्यश्री योजनेचा प्रवास मात्र राज्याबाहेर गेला. तमिळनाडूने आणि कर्नाटकाने थोड्याच काळात आपापल्या आवृत्त्या काढल्या. महाराष्ट्रात १९९७ पासून ‘जीवनदायी’ नावाची मोजक्या आजारांपुरती योजना होती. आरोग्यश्रीच्या धर्तीवर तिची फेरमांडणी होऊन २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, नांदेड, सोलापूर, धुळे यांसह आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. रेशनकार्डावरची पात्रता, दीड लाखाची मर्यादा, ठरलेले पॅकेज, संगणकावरची मंजुरी आणि दाराशी उभा आरोग्यमित्र हे सारे आंध्रचेच. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेचा विमा भागही याच घराण्यातला, आणि त्यावर होणारी टीकाही तीच : पैसा ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचतो, उपकेंद्रापर्यंत पोहोचत नाही.

आंध्रात योजना चालूच आहे, पाटी तेवढी बदलत राहते. तेलुगू देसमच्या सरकारने २०१४ नंतर तिला ‘एनटीआर वैद्य सेवा’ केले, जगनमोहन सरकारने २०१९ मध्ये ‘वायएसआर आरोग्यश्री’, आणि २०२४ मध्ये ती पुन्हा ‘एनटीआर वैद्य सेवा’ झाली. रामारावांनी १९८६ मध्ये विजयवाड्यात स्थापलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचेही तसेच : २०२२ मध्ये रामारावांचे नाव काढून रेड्डींचे दिले गेले, आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये रामारावांचे परत आले.